रूनाची उलटी सीट

योआर स्वतःच्याच गाडीत मागच्या सीटवर उलटा बसला होता. पाठ पुढच्या सीटला टेकवलेली, गुडघे छातीशी, आणि डोकं छताला लागतंय म्हणून मान वाकडी. समोर काय, तर सीटच्या पाठीचं करडं कापड. कापडावर वाळलेल्या दह्याचा डाग. त्याच्यावर मागची काच, आणि काचेत बर्चच्या झाडांचे शेंडे. संपलं.

"सापडलं काही?" टिल्दाने दार उघडून विचारलं. हातात कॉफीचा मग, पायात योआरचे मोठाले बूट. अंगणातलं बर्फ वितळायला लागलं होतं आणि तिला स्वतःचे बूट खराब करायचे नव्हते.

"डाग सापडला."

"तो माझा नाही. आणि शेजारची बाई पडद्याआडून बघतेय तुला. आधीच तिला वाटतं आपलं घर जरा हे आहे."

"बघू दे. मला एकच कळत नाहीये टिल्दा, रूनाला इथे बसून एवढं दुखतं तरी काय?"

टिल्दा कॉफी पीत राहिली. हा प्रश्न गेला अख्खा हिवाळा घरात फिरत होता, आणि आता त्याला कुणी बस म्हणत नव्हतं की जा म्हणत नव्हतं.

रूना साडेतीन वर्षांची. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यातून सेरेब्रल पाल्सी. सुरुवातीला हे दोन शब्द योआर कुजबुजूनच म्हणायचा, आता घरातल्या कुठल्याही वस्तूसारखे झाले होते. तिचे हातपाय तिचं ऐकायचे नाहीत. मान थोडा वेळ धरायची, मग फुलाच्या देठासारखी कलंडायची. बोलणं नाही. हसणं मात्र सगळ्या चेहऱ्याने.

बाबागाडीत बसवून व्हरांड्यात ठेवली तर भर थंडीत नाक लाल करून गाढ झोपायची. खुर्चीत बसवली तर खिडकीतल्या पक्ष्यांकडे बघत राहायची. पण मोटारीत बसवलं, गाडी गल्लीच्या टोकाला पोचली, की पोर धनुष्यासारखी ताठ. पाय सरळ, पाठ कमानीसारखी, आणि मग रडणं. असलं रडणं की टिल्दा एकदा मध्येच गाडी थांबवायला लावून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली होती, कानांवर हात ठेवून.

या देशात पोरं चार-पाच वर्षांची होईतो गाडीत उलटीच बसतात, मागे तोंड करून. त्याची कुणी चर्चा करत नाही. एवढ्याशा पोराला पुढे तोंड करून बसवलेलं दिसलं तर लोक सिग्नलला काचेतून डोकावून बघतात आणि मग आईबापांकडे बघतात. रूनाच्या बाबतीत तर प्रश्नच नव्हता. तिच्या फिजिओथेरपिस्टने मान हातात धरून दाखवली होती. "डोकं जड, मान कच्ची. गाडी जोरात थांबली तर उलट्या सीटमध्ये सगळा झटका पाठीवर पसरतो. सुलट बसली तर सगळा या एवढ्याशा मानेवर."

ते ऐकल्यापासून योआर रात्री डोळे मिटले की ती मान बघायचा.

"ईस्टरला नाही जायचं मग," टिल्दा म्हणाली. "नाहीतर तिला सुलट करू या. एवढ्या एका प्रवासापुरतं. मी मागे बसते, हाताने धरते डोकं."

"हाताने नाही धरता येत."

"मला माहितीये नाही धरता येत!" तिने कॉफीचा मग गाडीच्या छतावर आपटला. "पण एव्हर्तने तिला ऑक्टोबरनंतर पाहिलेलं नाही."

एव्हर्त म्हणजे योआरचे वडील. वर नदीच्या उगमाकडे ग्रानसेले नावाचं एक गाव आहे, गाव कसलं, पाचसहा धुराडी आणि एक तळं. म्हातारा तिथे एकटा राहायचा. गेल्या शरदात डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून उमेओ शहरात यांच्याकडे येऊन राहिला. डोळ्यावर पट्टी, टीव्ही बंद, पेपर बंद. दिवसभर रूना मांडीवर. दोघं खिडकीशी बसून असायची. परत गेला तेव्हा एवढंच म्हणाला होता, "ईस्टरला तळ्यावर बर्फ पक्कं असतं. भोक पाडून तिला मासे दाखवतो." ईस्टरनंतर बर्फाचा भरवसा नाही. आणि म्हाताऱ्याचाही किती धरायचा, हे कुणी बोलत नव्हतं.

दुपारी योआरने फोन लावला.

"पप्पा, कसे आहात?"

पलीकडे घड्याळाची टिकटिक.

"बरे आहात ना?"

पलीकडून श्वास आत ओढल्याचा बारीक आवाज.

"बर्फ आहे अजून?"

पुन्हा तोच आवाज.

"आम्ही यायचं बघतोय. सीटचं जमलं तर."

या वेळी आवाज जरा लांब.

योआरने फोन ठेवला. "खूष झाले," तो म्हणाला.

"कशावरून?" टिल्दा म्हणाली. "मला तर सायकलची हवा काढल्यासारखं ऐकू आलं."

या देशाच्या उत्तरेकडे हे असंच आहे. हो म्हणायला तोंड उघडायची गरज पडत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि थोडी हवा आत ओढायची, गरम चहाचा भुरका मारावा तशी, फक्त चहा नाही. टिल्दा पार दक्षिणेकडची. पहिल्यांदा उमेओला आली तेव्हा बसचा ड्रायव्हर दम्याने गुदमरतोय असं समजून तिने त्याला स्वतःची पाण्याची बाटली दिली होती. ड्रायव्हरने भुरका मारून आभार मानले. योआरच्या भावंडांनी ती गोष्ट लग्नात सांगितली. टिल्दा म्हणायची, तुम्ही सगळे व्हॅक्यूम क्लीनरची अवलाद. योआर म्हणायचा, तुम्ही बोलता तेव्हा तोंडात गरम लापशी असते, ती आधी गिळा. असं त्यांचं चालायचं.

शनिवारी तो रूनाला घेऊन शेस्टिनच्या दुकानात गेला. दुकान गावाबाहेर, टायरवाल्याच्या शेजारी. दुकानात फक्त लहान मुलांच्या गाडीतल्या सीटा. शेस्टिनचा नियम असा, की सीट फळीवर बघून विकायची नाही. तुमच्या गाडीत, तुमचं पोर बसवून बघायचं, मगच. पटली नाही तर काढायची, दुसरी घालायची. साठीची बाई, पण त्या जड सीटा टोपल्यांसारख्या उचलायची.

"आलास?" ती म्हणाली. "आज कुठल्या सीटला नापास करायचंय?"

"एखादीला पास करायला आलोय."

"तीन झाल्या तुझ्या. पहिली काय म्हणे, रुंद. दुसरीचा कोन नको. तिसरीत तर पोर मस्त बसली होती, मी बघत होते की! आणि तू म्हणालास, नाही, काढ."

"तिचा श्वास अडकत होता."

"माझाही अडकला, ती सीट परत काढताना."

ही श्वासाची गोष्ट योआरने स्वतः शोधलेली. रात्ररात्र बसून वाचायचा तो. असल्या मुलांच्या आईबापांचा एक ग्रुप होता, त्यात कुणीतरी लिहिलं होतं की बोलता न येणारं मूल दचकलं, दुखलं, तर आधी श्वासात कळतं. त्याला ते एकदम पटलं. लहानपणी रेडिओ उघडून बसायचा तसा तो रूनाच्या श्वासाकडे बघायला लागला. आणि खरंच दिसलं त्याला. तिचे ओठ आवळायचे, छाती एकदम वर, हवा आत, आणि मग क्षणभर काहीच नाही. दचकणं. ज्या सीटमध्ये तिला असं झालं ती सीट बाद. तिसऱ्या सीटमध्ये तर लागोपाठ झालं होतं.

चौथी सीट घातली. शेस्टिनने रूनाचा फुगीर बर्फातला सूट काढून घेतला, कारण असल्या सुटावर पट्टे आवळले की ते आवळल्यासारखे वाटतात, पण खरे सैल असतात. अंगात फक्त लोकरीचा स्वेटर. डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार. मांड्या जरा वर, ढुंगण मागे खोल, म्हणजे ताठ व्हायला लागली तरी अंग पुढे घसरणार नाही. पाय समोरच्या पाठीला टेकून ढकलायला मिळू नयेत म्हणून सीट थोडी लांब सरकवलेली. योआर शेजारी दाटीवाटीने बसला, आणि रूनाचा बूट खाली पडला म्हणून शोधायला पायाशी वाकला. पार खाली, डोकं पुढच्या सीटखाली.

शेस्टिन दाराशी उभी. "खांद्याचा पट्टा जरा ओढू का अजून?"

भुरका.

"आणि डोक्याचं हे वर घेऊ?"

भुरका.

खटक, खटक. शेस्टिन कामाला लागली.

योआर बूट घेऊन वर आला. "काय करतेस? थांब, मी बघतो आधी."

"तूच म्हणालास ना ओढ."

"मी कुठे म्हणालो?"

"आत्ता. दोनदा हो म्हणालास."

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

"अरे, हो म्हणायला तोंड कोण उघडतं इथे? मी ऐकलं की. चांगलं स्वच्छ हो. मी काय बहिरी आहे का?"

टायरवाल्याकडे कुणीतरी हातोडा मारत होतं. मग दोघांनी हळूच रूनाकडे बघितलं. रूना योआरकडे बघत होती. दमलेल्या मास्तरणीसारखी.

"रूना," योआर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "तू म्हणालीस?"

तिचे ओठ आवळले. छाती वर आली. हवा आत. आणि मग क्षणभर काहीच नाही.

त्याच्या वडिलांसारखं. शेस्टिनसारखं. त्याच्या स्वतःसारखं. दिवसातून शंभरदा तो हा आवाज काढायचा, आणि म्हणूनच तो त्याला कधी ऐकूच आला नव्हता.

"योगायोग असेल," तो म्हणाला.

"मग बघ की विचारून," शेस्टिन म्हणाली. "वेड्यासारखं काहीतरी विचार."

"रूना, आपली आई कोंबडी आहे?"

रूना हसली. खदखदून. भुरका नाही.

"शेस्टिन म्हातारी आहे?"

भुरका.

"बघ बघ, पट्टे सैल करीन हं!" शेस्टिन ओरडली, आणि बाहीने डोळे पुसले.

योआरला एकदम सगळं आठवायला लागलं, उलट्या क्रमाने. तिसरी सीट. लागोपाठ येणारे ते श्वास. बरं वाटतंय का, मऊ आहे का, हीच घेऊ या का, असं तो विचारत होता आणि ती सांगत होती. हो. हो. हो. आणि त्याने सीट काढायला लावली होती.

"तिसरी आण," तो म्हणाला. "तीच आण परत."

शेस्टिनने एका शब्दाने टोमणा मारला नाही. हे तिच्या मानाने फार झालं.

तिसरी सीट बसवली. रूना बसली. बरं आहे? हो. पाय बरे? हो. डोकं? हो. मग तरी प्रश्न उरलाच. मधल्या एका आठवड्यात शेस्टिनने ती दुसरी सीट घरी न्यायला दिली होती, आणि रस्त्यावर तेच झालं होतं. धनुष्य. रडणं. म्हणजे प्रश्न नुसत्या सीटचा नव्हता. योआरचं कुतूहल आता पेटलं होतं, आणि पहिल्यांदाच त्याला विचारायला कुणीतरी होतं.

"गाडीत दुखतं तुला?"

काही नाही.

"भीती वाटते?"

काही नाही.

"उलटं बसायला आवडत नाही?"

काही नाही. ती वाट बघत होती. त्याने बरोबर प्रश्न विचारावा याची.

"एक चक्कर मारू या," तो म्हणाला. "शेस्टिन, तू चालव. मी हिच्याजवळ बसतो."

शेस्टिन स्टिअरिंगवर बसली. टायरवाल्यापासून वळून गाडी मोठ्या रस्त्याला लागली. रूना मजेत. शेजारी तिच्याकडे वळून बसलेला योआर, काचेत ढग. मग शेस्टिनने आरशात बघत विचारलं, "काय गं रूना, जमतंय का?"

आणि योआरने बघितलं. अगदी समोर, हातभर अंतरावरून. आवाज पाठीमागून आला, तशी रूनाची मान आवाजाकडे वळायला लागली. बोलणारी कुठे आहे ते बघायला. मान वळली तसा त्या बाजूचा हात सरळ ताठ झाला. मग पाय. मग पाठ. ती वळायला बघत होती आणि तिचंच अंग तिला बांधून टाकत होतं. चेहरा लाल.

"बोलू नको!" तो म्हणाला. "शेस्टिन, गप्प बस जरा!"

"अरे वा."

"प्लीज."

शेस्टिन गप्प बसली. योआरने रूनाचा चेहरा दोन्ही हातांत घेतला, हळूच मधोमध आणला. अंग हळूहळू सैल पडलं, भिजवलेल्या चामड्याच्या वादीसारखं.

घरी असताना गाडी तो चालवायचा. टिल्दा शेजारी. दोघं बोलायचे. रूना रडायला लागली की टिल्दा मागे वळून बाळ, बाळ म्हणायची. आणि योआर गायचा. मोठ्याने. तिला ऐकू यावं म्हणून अजून मोठ्याने. तिच्या डोक्यामागून. सगळे आपले तिच्यावर माया करत होते, आणि प्रत्येक मायेसरशी ती वळायला बघत होती.

"तुला आम्ही दिसत नाही," तो म्हणाला. "म्हणून ना?"

हवा इतकी खोल आत गेली की स्वेटरचं बटण तुटून काचेवर आपटेल असं योआरला वाटलं.

सीट मग पुढे आली, ड्रायव्हरच्या शेजारी. तोंड मागेच. इथे बरेच जण तान्ह्या पोरांना तसंच नेतात. शेस्टिनने त्या जागेची एअरबॅग किल्लीने बंद केली आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागल्याची योआरकडून शपथ घेतल्यासारखी खात्री करून घेतली. "हा दिवा नाही तर ही सीट नाही. टिल्दालाही सांग. ती दक्षिणेकडची आहे, दोनदा सांग." त्या सीटची पाठ डॅशबोर्डला टेकली. रूनाला आता जरा तिरकं समोर ड्रायव्हरचा चेहरा दिसत होता, आणि पुढच्या सीटचं डोकं टेकायचं काढून ठेवलं तर मागे बसलेलं माणूसही.

घरी येऊन त्याने टिल्दाला सांगितलं तेव्हा ती जिन्यात बसली. हसली, मग रडली, मग रागावली.

"पहिला शब्द," ती म्हणाली. "साडेतीन वर्षं वाट बघितली, आणि पहिला शब्द काय, तर व्हॅक्यूम क्लीनर."

"चांगला शब्द आहे."

"माझ्याकडचा एकही नाही?"

"रूना, आईचं बोलणं तुला कळतं?" योआरने विचारलं.

रूना विचार करत राहिली. टिल्दाने तिला गुदगुल्या केल्या तेव्हा कुठे भुरका आला, आणि तो जबरदस्तीने घेतलेला आहे असं योआरने लगेच जाहीर केलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ते निघाले. गल्लीचं टोक आलं. टिल्दाने मागून सीटची कड घट्ट धरली होती. टोक गेलं. पूल गेला. योआर रूनाकडे बघून दोन शब्द बोलायचा, मग रस्त्याकडे बघायचा. जंगल सुरू झालं. एका ठिकाणी रेनडियरचा कळप रस्त्यात उभा, हलायला तयार नाही. त्यांनी थांबून कॉफी प्यायली. रूनाचे पाय जरा ताठायला लागले होते, तिला बाहेर काढून, पाय चोळून, परत बसवलं. अगदीच गुलाबी प्रवास नव्हता. एकदा रडलीसुद्धा. पण ते भुकेचं रडणं होतं, आणि ते विचारून कळलं. विचारून कळलं! टिल्दा हे वाक्य मागे बसून स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

ग्रानसेलेच्या फाट्यावर योआरने गाडी हळू केली. "जायचं पुढे? थकलीस तर थांबू."

रूनाने जायचं म्हणून सांगितलं.

एव्हर्त दारातच उभा होता, टोपी हातात. गाडीपाशी आला, दार उघडलं, वाकला. योआरला सगळं सांगायचं होतं, वाटेत त्याने मनात मांडणीही करून ठेवली होती. पण म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आलीस?" त्याने रूनाला विचारलं.

भुरका.

"मासे बघायचे?"

भुरका.

"आधी कॉफीत बुडवलेलं चीज? मला कॉफी, तुला चीज."

भुरका. मग म्हाताऱ्याचा भुरका. कुठला कुणाचा ते कळेना.

योआर बॉनेटला टेकून उभा राहिला. "पप्पा. तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"ती हो म्हणते ते."

"म्हणजे?" एव्हर्तने आता कुठे मान वर केली. "तुम्हाला नव्हतं माहीत? अरे, अख्खा ऑक्टोबर गप्पा मारल्यात आम्ही. मला वाटलं घरात सगळेच बोलत असतील हिच्याशी."

"काय गप्पा मारल्यात?" टिल्दाने विचारलं.

"बरंच काही." म्हातारा पट्ट्यांचं बटण शोधत होता. "चिमण्या आवडतात, कावळे नाही. अंड्यातलं पांढरं नको. आणि याचं गाणं..." त्याने योआरकडे हनुवटी केली आणि पुढचं गिळलं.

"माझं गाणं काय?"

"मी कशाला मध्ये पडू. तिला विचार."

योआर वाकला. रूना त्याच्याकडे बघत होती, चीजची वाट बघत, डोळ्यांत नुसतं हसू.

"रूना. खरं सांग. बाबा वाईट गातो?"

तिने ओठांचा चंबू केला, आणि जमेल तेवढी हवा आत घेतली.